घाई करू नकोस

डोंबिवलीत आमचं दुकान निघावं म्हणून मीच हट्ट धरला होता. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला हळूच बाजूला सारेन अशी मला माझीच भीती वाटते.

दुकान म्हणजे एका परदेशी कॉफी कंपनीचं कॅफे. मी त्या कंपनीत चोविसाव्या वर्षी लागले, ठाण्यातल्या एका मॉलच्या शाखेत, काउंटरवर. कप पुसण्यापासून सुरुवात केली, मग शिफ्ट सांभाळली, मग शाखा, आणि पस्तिशी उलटली तेव्हा ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आठ शाखा माझ्याकडे होत्या. आई डोंबिवलीच्या शाळेत शिक्षिका होती. वडील लवकर गेले. लग्न मी केलं नाही. दिवसातले बारा-बारा तास मी कंपनीत असायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. तिथे 'कर्मचारी' हा शब्द बंद होता. आम्ही सगळे 'होस्ट'. सर-मॅडम बंद, मोठ्या साहेबालासुद्धा नावानेच हाक मारायची. मीटिंग सुरू होताना सगळ्यांनी मिळून एक कॉफी चाखायची आणि ती कशी लागली ते एकेकाने सांगायचं. बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. मला अप्रूप होतं. माझ्या मामाने एका कारखान्यात तीस वर्षं काढली, त्याला त्याच्या मॅनेजरने कधी समोर बसवून साधा चहा विचारला नव्हता.

मुंबईच्या ऑफिसात भिंतीवर जगाचा नकाशा होता. जिथे आमची शाखा, तिथे एक बारीक दिवा. नवीन देशात शाखा निघाली की सगळे टाळ्या वाजवायचे. त्या नकाशावर मला डोंबिवलीचा दिवा हवा होता. एवढ्या मोठ्या नकाशात तो मुंबईच्या दिव्यातच मिसळून गेला असता हे कळत होतं, तरी हवा होता.

मुख्यालयातून एक परदेशी बाई पाहणीला आल्या. त्यांना मी फडके रोडवरून फिरवलं. त्यांनी विचारलं, "इथे माणसं बसतात कुठे?"

मी म्हटलं, "बसत नाहीत. उभ्याने चहा घेतात आणि घरी जातात."

"मग आपण त्यांना बसायला जागा देऊ," त्या म्हणाल्या.

मला ते इतकं आवडलं की दुकान मंजूर झाल्यावर कंपनीच्या घोषवाक्याचं मराठी मीच केलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'बसा निवांत, घाई नाही.' उद्घाटनाला आई आली होती. तिने ते वाचलं, मग भिंतीवरचं दरपत्रक वाचलं, आणि म्हणाली, "दर बघून माणूस उभाच राहील गं." पण मग तिने तिच्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना गोळा करून आणलं आणि दर मंगळवारी यायला लागली.

या दुकानासाठी माणसं घेताना ती मला भेटली.

तेहेतीस-चौतीस वर्षांची असेल. दिवा स्टेशनजवळ दोघी-तिघींबरोबर एका खोलीत राहायची. आधी एका केटररकडे लग्नाच्या जेवणावळीत कामाला होती. नवरा कुठेतरी होता, पण नसल्यासारखा. दोन वर्षांत त्याचा फोन आला नव्हता. मुलगी पोलादपूरच्या पुढच्या एका गावात आजीकडे. मुलाखतीच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'इंग्रजीत आत्मविश्वास'. तिने मला आधीच सांगितलं, "मॅडम, वाचते, समजतं. बोलताना फाटते." मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला: ग्राहक अंगावर ओरडायला लागला तर काय करशील? आधीच्या अकरा जणांनी इंटरनेटवरची उत्तरं दिली होती. ही म्हणाली, "पहिलं पाणी देईन. पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही."

मी त्या रकान्यात बरोबरची खूण केली.

चार महिन्यांत ती दुकानातली सगळ्यात चांगली होस्ट झाली. दूध वाफेवर गरम करताना आम्ही नव्या माणसाला थर्मामीटर देतो. तिला तो लागायचा नाही. पाठमोरी उभी असली तरी म्हणायची, "दूध ओरडतंय, नळी खाली घे." कपावर ग्राहकाचं नाव लिहायचा नियम होता. आमच्याकडे सकाळी निवृत्त काकांचा एक कंपू यायचा, ते नाव सांगायचे नाहीत, नुसते हसायचे. हिने त्यांच्या कपांवर 'काका एक', 'काका दोन' असं लिहायला सुरुवात केली. काका तीन आजारी पडले तेव्हा त्यांच्या घरी फोन करून चौकशी करणारी हीच. मला ती 'ताई' म्हणायची. मी दोनदा सांगून पाहिलं की कंपनीत नावानेच म्हणायचं असतं. "तुमच्या कंपनीला सांगा, मला जमत नाही," म्हणाली. वर्षभरात मी तिला शिफ्ट-इनचार्ज केलं. दोन शाखांच्या मध्ये अर्धा तास मिळाला की मी डोंबिवलीला जायचे, आणि ती आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायची. दुकानात बाहेरचं अन्न आणायला मनाई होती. आम्ही मागे, दुधाच्या फ्रिजच्या आड उभ्या राहून खायचो.

दुकान भरलेलं असायचं. हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. काकांचा कंपू एक मोठी कॉफी मागवायचा आणि चार रिकामे कप. सीएचा अभ्यास करणारी मुलं सकाळी एक कप घेऊन बसायची ती संध्याकाळी चार्जर गुंडाळूनच उठायची. मंगळवारी आईच्या मैत्रिणी. माणसं खरोखर निवांत बसली. शनिवारी रांग लागायची, बाकीचे सहा दिवस जागा भरलेली आणि गल्ला रिकामा. महिन्याच्या मीटिंगमध्ये माझ्या आठ शाखांच्या यादीत डोंबिवली कायम लाल रंगात. आमचा एरिया हेड, पुण्याचा, शांत माणूस, म्हणायचा, "रुजायला वेळ लागतो." मीही तेच म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने आम्हा चार-पाच जणांना मुंबईच्या ऑफिसात बोलावलं. दुपारची वेळ होती. पडद्यावर मुख्यालयातले लोक होते. त्यांच्याकडे सकाळ, प्रत्येकाच्या हातात कॉफीचा मग. त्यांनी सांगितलं की येत्या दोन वर्षांत कंपनी सहा नव्या देशांत जाणार आहे. नकाशा दाखवला. मग सांगितलं की त्यासाठी जिथे तीन वर्षांत जम बसला नाही तिथलं भांडवल मोकळं करायचं आहे. 'बंद' हा शब्द कोणी वापरला नाही. यादी आली. कल्याणची एक शाखा होती, आणि डोंबिवली.

सहा आठवड्यांची मुदत होती. तोवर दुकानातल्या कोणालाही कळता कामा नये. तसा कागद आमच्यापुढे ठेवला, आणि मी सही केली. पडद्यावरची माणसं गेल्यावर मी एरिया हेडला विचारलं, "निदान पंधरा दिवस आधी सांगू या ना?"

तो म्हणाला, "सांगितलंस तर चांगली माणसं दुसऱ्या दिवशी निघून जातील. मग उरलेले दिवस दुकान कोण चालवणार? आणि आधी सांगून त्यांना काय मिळणार? सहा आठवडे रडतील. तू त्यांचं भलंच करतेयस." लॅपटॉप मिटत म्हणाला, "हे नीट पार पडलं तर तुझी काळजी मी घेतो."

त्याचा आवाज मऊ होता. मला त्या क्षणी बरं वाटलं हे खरं आहे. माझं नाव कुठल्या यादीत नाही हे मला त्या वाक्याने कळलं होतं.

त्याच महिन्यात वार्षिक मूल्यमापन होतं. ते थांबवलं असतं तर संशय आला असता, म्हणून करायचं ठरलं. मी डोंबिवलीच्या नऊ होस्टना एकेक करून समोर बसवलं आणि पुढच्या सहा महिन्यांची उद्दिष्टं विचारली. सहा महिन्यांनी ते दुकान असणारच नव्हतं. एकीने लिहिलं, 'लाटे आर्टमध्ये हंस शिकायचा आहे,' म्हणजे कॉफीवर दुधाच्या फेसाने हंस काढायला. हिने तिच्या वळणदार अक्षरात मराठीत लिहिलं: 'असिस्टंट मॅनेजरची परीक्षा द्यायची आहे. मुलीला इकडे आणायचं आहे.' खाली माझ्या सहीची जागा होती. मी सगळ्यांच्या फॉर्मवर सह्या केल्या.

त्यानंतरच्या बुधवारी ती मला म्हणाली, "ताई, पाच मिनिटं बोलायचंय."

आम्ही मागे गेलो. तिने फोनवरचा मेसेज मला दाखवला. तिच्या जुन्या केटररला ठाण्यात वर्तकनगरच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनचं कंत्राट मिळालं होतं. त्याला सुपरवायझर हवी होती. दिवसाचीच पाळी, रविवारी सुट्टी. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"पैसे थोडे कमीच आहेत," ती म्हणाली. "पण कायमचं काम आहे. मुलीला जूनपासून दिव्याच्या शाळेत घालतेय, खोली पण बघितलीय मोठी. एक दिवसाआड पाणी येतं, पण येतं. म्हणून विचार करतेय." मग ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा. इथे माझं पुढे काही आहे का? नसलं तर तसं बोला. मला वाईट नाही वाटणार. मी तिकडे जाते."

इतकं साधं कोणी विचारत नाही. माणसं आडून विचारतात, मग आपल्यालाही आडून उत्तर देता येतं. तिने सगळे दरवाजे माझ्यासाठी उघडे ठेवले होते. 'तिकडे जा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कारण द्यायचीसुद्धा गरज नव्हती.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला आठवतं. ती गेली तर बाकीचे विचारतील, ही सगळ्यात हुशार, ही का गेली? दोघं-तिघं तिच्या मागे जातील. एरिया हेड मला विचारेल. आणि एक दुसरा विचार, जो मी तेव्हा खरा मानला: हिला मी ठाण्याच्या शाखेत घेईन. तिथे जागा होती. मी शब्द टाकला तर होईल.

मी म्हटलं, "तुझं काम सगळ्यांना दिसतंय. घाई करू नकोस."

तिचा चेहरा उजळला. "बस, एवढंच ऐकायचं होतं," म्हणाली, आणि तिथेच, माझ्यासमोर, केटररला फोन लावून तिने नाही सांगितलं.

तिने फोन ठेवेपर्यंत मी तिथे उभी होते. हात लांब करून तिच्या हातातला फोन घ्यायला किती वेळ लागला असता, हे मी नंतर पुष्कळदा मोजलं आहे.

त्या आठवड्यात मी एरिया हेडशी बोलले. "ठाण्याला तिच्यासाठी जागा धर," म्हटलं. तो म्हणाला, "बघू या." मी ते 'हो' असं ऐकलं.

बंद करण्याचा दिवस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होता, मंगळवार. आईला मी सकाळी सांगितलं, "आज मैत्रिणींना घेऊन येऊ नकोस." तिने कारण विचारलं नाही. तीन वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं. मुंबईहून एचआरचे दोघं आले होते, नऊ जाड पाकिटं घेऊन. कंपनीच्या पुस्तिकेत अशा प्रसंगासाठीही एक पान होतं: सगळ्यांनी गोल बसायचं, एक कॉफी बनवायची, ती चाखायची आणि प्रत्येकाने दुकानातली एक चांगली आठवण सांगायची. त्यानंतर निरोप.

कॉफी तीच बनवत होती. तिला वाटलं काहीतरी बक्षीस जाहीर होणार आहे. तसं ती बोललीसुद्धा, "ताई, आपण झोनमध्ये पहिले आलो की काय?"

एचआरच्या मुलीने इंग्रजीतून कागद वाचला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, कारण मराठीतून सांगण्याचं काम माझं होतं. मी सांगितलं. आजपासून दुकान बंद. एक मुलगा हसला, त्याला चेष्टा वाटली. लाटे आर्टवाली मुलगी रडायला लागली. कोणीतरी विचारलं, "म्हणजे उद्या यायचं नाही?" एचआरची मुलगी म्हणाली, "आता आपण एकेक आठवण सांगू या का?" कप तसेच राहिले.

आमची शिफ्ट-इनचार्ज माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "हे कधी ठरलं?"

एचआरच्या मुलीने खाली बघितलं. मी म्हटलं, "दीड महिना झाला."

ती बोटांवर आठवडे मोजायला लागली. मोजून झाल्यावर हात मांडीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं. "मला सांगायची परवानगी नव्हती."

ती उठली. मला वाटलं निघून जाईल. ती काउंटरच्या आत गेली, ओला फडका घेतला आणि दुधाची नळी पुसायला लागली. एचआरचा मुलगा म्हणाला, "राहू दे, मशीन उद्या काढून नेणार आहेत." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दूध वाळलं की निघत नाही." नळी पुसली, वाफ सोडून आतून साफ केली, एप्रन काढला, आम्ही शिकवतो तशी त्याची घडी घातली, पाकीट उचललं आणि शटरखालून वाकून बाहेर पडली.

रात्री जेवताना आईने विचारलं. मी सगळं सांगितलं, बुधवारी तिने मला विचारलेल्या त्या प्रश्नासकट. आईने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तू तिच्याशी खोटं बोललीस."

"खोटं नाही बोलले. मी म्हटलं, घाई करू नकोस."

"मग त्यात खरं काय होतं?"

शाळेत मुलांना उभं करून विचारायची तसा तिचा आवाज होता. मी हात धुवायला उठले.

ठाण्याला तिच्यासाठी जागा निघाली नाही. नवी भरती थांबवली होती. एरिया हेड म्हणाला, "मी 'बघू' म्हटलं होतं, 'हो' म्हटलं नव्हतं," आणि ते बरोबर होतं. मी त्या केटररचा नंबर मिळवून त्याला स्वतः फोन केला. त्याने जागा कधीच भरली होती. "तिच्या मी किती मागे लागलो होतो," तो म्हणाला. "म्हणाली, आमच्या ताईंनी शब्द दिलाय." मी तिला शिफारसपत्र पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

जुलैमध्ये एका रविवारी मी दिव्याला गेले. तिच्या नव्या खोलीचा पत्ता दुकानातल्या एका मुलीकडून मिळवला होता. आयुष्य डोंबिवलीत गेलं, दिवा दोन स्टेशनं पलीकडे, आणि मी तिथे कधी उतरले नव्हते. बिल्डिंग नवी असून जुनी दिसत होती. जिन्यात प्रत्येक दारापुढे निळी पिंपं. तिच्या मुलीने दार उघडलं. दहा-अकरा वर्षांची, शाळेचा गणवेश इस्त्री करत होती. "आई, कोणतरी आलंय," म्हणाली. मग कोणी न सांगता पेल्यात पाणी आणून दिलं.

ती बाहेर आली. मला पाहून दचकली नाही. "बसा," म्हणाली. आता ती शिळफाट्याजवळच्या एका गोदामात पार्सलं बांधण्याच्या कामाला जात होती, तेही रोज बोलावतील तेव्हा. तिच्या बोटांना चिकटपट्टीने काप गेले होते.

मी माफी मागितली. वाक्यं येताना जुळवून आणली होती, ती तशीच बोलले. सही केलेला कागद, परवानगी नसणं, ठाण्याची जागा. तिने मध्ये तोडलं नाही. मुलीला खाली दुकानात पाठवलं आणि मग बोलली.

"नाही सांगितलंत, ते मी समजते. तुमची पण नोकरी आहे. तुमची आई आहे. मी तुमच्या जागी असते तर मी पण नसतं सांगितलं." तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "पण तुम्ही 'घाई करू नकोस' का म्हणालात? गप्प बसायचं होतं. नुसत्या गप्प बसला असतात, तरी मी समजले असते. मी तुमचं तोंड वाचते ताई. मी लगेच समजले असते."

"मला वाटलं होतं तुला ठाण्याला घेता येईल."

"मग ते बोलायचं."

मी पेल्यातलं पाणी संपवलं, कारण त्या घरात ते टाकून देणं बरं दिसलं नसतं. निघताना तिने दारापर्यंत सोडलं. "परत नका येऊ," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. शेजारची बाई पिंपात बादली बुडवत होती, तिलाही ते कळलं नसेल.

सप्टेंबरमध्ये कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी परदेशी पाठवलं. त्या सहा नव्या देशांपैकी एकात पहिली शाखा निघत होती आणि तिथल्या नव्या मॅनेजरना शिकवायला अनुभवी माणसं हवी होती. काचेची मोठी खोली, पंधरा-वीस तरुण मुलंमुली, नव्या एप्रनची घडी न मोडलेली. त्यांनी पहिल्यांदा एकत्र कॉफी चाखली तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं; चोविसाव्या वर्षी माझ्याही तोंडावर तेच असणार.

शेवटच्या दिवशी मुख्यालयातल्या एका माणसाचं सत्र होतं, कठीण काळातल्या नेतृत्वावर. मी मागे बसून ऐकत होते. त्याने पडद्यावर एक फोटो लावला आणि मला भिंत दिसली, माझी अक्षरं दिसली. डोंबिवलीचं दुकान होतं. तो सांगत होता की भारतातल्या या शाखेचं कामकाज थांबवणं हे आदर्श उदाहरण मानलं जातं. सहा आठवडे बातमी फुटली नाही. विक्री घसरली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या दिवसापर्यंत नऊपैकी एकही होस्ट काम सोडून गेला नाही. "लोकांचा आपल्या मॅनेजरवर इतका विश्वास होता," तो म्हणाला, आणि हात करून मला उभं राहायला सांगितलं.

मी उभी राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

हॉटेलवर परतल्यावर मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. लॅपटॉपवर ते अजून आहे. मुंबईत उतरले तेव्हा एरिया हेडचा मेसेज आला होता: माझ्याकडे आणखी पाच शाखा येणार होत्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, तिचा विमा आमच्या कंपनीकडून होता. ही कारणं खरी आहेत. पण ती नसती तरी मी ते पत्र पाठवलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी अजून तिथेच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तिला मी शेवटची पाहिली. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या बँकेत माझं काम होतं. बाहेर पडले तर पलीकडे डेपोच्या दारात ती उभी होती, पायाशी पत्र्याची पेटी आणि एक फुगलेली पिशवी. मुलगी पेटीवर बसली होती. मी रस्ता ओलांडला. ओलांडू नये असं वाटत होतं, तरी ओलांडला.

"गावाला?" मी विचारलं.

"हो, हिला सोडायला."

"सुट्टीपुरतं ना?"

ती मुलीच्या केसांतली पिन नीट करत होती. "नाही. तिकडेच घातलं परत शाळेत. माझ्या कामाची वेळ धड नाही. कधी सकाळी बोलावतात, कधी रात्री. ही एकटी राहायची. मागच्या महिन्यात शेजारच्या एकाने दार वाजवलं दोनदा." तिने पिन लावली. "खोली पण सोडली मोठी. परत दोघी-तिघींत राहते."

मला काहीतरी बोलायचं होतं. नवीन शाखा, कोणाची तरी ओळख, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. हलकेच मान हलवून 'नको' म्हणाली.

महाडकडे जाणारी गाडी लागली. कंडक्टरने पेटी वर चढवायला सांगितलं. मी एका बाजूने पेटी धरली, तिने दुसऱ्या बाजूने. पेटी जड होती, वह्या-पुस्तकं असणार. मुलगी खिडकीशी बसली आणि तिने मला हात केला, पाहुण्याला करतात तसा. आई तिच्या शेजारी बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिकिटाचे सुटे पैसे शोधायला लागली. गाडी मागे आली, वळली आणि डेपोच्या दारातून बाहेर पडली. मी बँकेत विसरलेली पावती आणायला परत गेले.